विश्लेषण : कर्जत-खालापूरच्या नव्या घरांत उंच स्पीकर घ्यावेत की छोटे?

कर्जत, नेरळ, चौक, खोपोली. काही वर्षांपूर्वीपर्यंत मुंबईकरांसाठी ही नावं म्हणजे लोकलची स्टेशनं किंवा एक्स्प्रेस-वेवरून दिसणाऱ्या पाट्या होत्या. आज याच पट्ट्यात टाऊनशिप, बंगले आणि फार्महाऊस उभे राहत आहेत. पनवेल-कर्जत हा सुमारे साडेएकोणतीस किलोमीटरचा नवा उपनगरी रेल्वेमार्ग आखला गेल्यापासून तर घरांच्या जाहिरातींना आणखी जोर आला.

नवं घर झालं की टीव्ही, सोफा आणि पाठोपाठ म्युझिक सिस्टीमचा विषय निघतो. मुंबईत भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांना वाटतं, इथे तरी मोकळेपणाने गाणी ऐकू. मग रील्समध्ये दिसणारे कंबरेएवढे उंच स्पीकर मनात भरतात. पण ते या घरांत खरंच चांगले वाजतात का? आणि शेजारच्या वाडीला त्याचा त्रास किती होतो? सोप्या भाषेत समजून घेऊया.

दोन्हींत नेमका फरक काय?

जमिनीवर उभा राहणारा तो फ्लोअर-स्टँडिंग किंवा टॉवर स्पीकर. स्टँडवर किंवा टेबलावर ठेवायचा छोटा तो बुकशेल्फ स्पीकर. टॉवरचा खोका मोठा असतो आणि त्यात बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त वूफर असतात. त्यामुळे तो जास्त खालच्या सुरापर्यंत पोहोचतो आणि मोठ्या आवाजातही दमत नाही. पाच-साडेसहा इंची वूफरचा बुकशेल्फ साधारण ५०-६० हर्ट्झपर्यंत नीट उतरतो, चांगला टॉवर ३५-४० हर्ट्झपर्यंत.

आपण ऐकतो त्या संगीतात हा फरक किती जाणवतो? डग्ग्याचा घुमार ढोबळमानाने शंभर हर्ट्झच्या आतबाहेर असतो. पुरुषी आवाजाचा मूळ सूरही बहुतेक वेळा ८०च्या वर राहतो. म्हणजे ख्याल, नाट्यसंगीत, अभंग, भावगीतं यांतलं जवळपास सगळं चांगला बुकशेल्फ दाखवू शकतो. बास गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झला वाजते. इलेक्ट्रॉनिक संगीत आणि सिनेमातले स्फोट त्याहून खाली जातात. तिथे टॉवर किंवा वेगळा सबवूफर लागतो.

मग मोठाच का घेऊ नये?

कारण खोलीसुद्धा वाजते. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठरावीक खालचे सूर अडकून फुगतात. ते कोणते, हे भिंतींच्या अंतरावर ठरतं. हिशोब सोपा आहे : आवाजाचा वेग, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, भागिले अंतराची दुप्पट.

फ्लॅटमधला १० बाय १५ फुटांचा हॉल घ्या, उंची साडेनऊ फूट. लांबीचा सूर येतो सुमारे ३७ हर्ट्झ, रुंदीचा ५६ आणि उंचीचा ५९. शेवटचे दोन जवळजवळ एकाच जागी पडतात. त्यामुळे त्या पट्टीतला कोणताही ठेका गुबगुबीत होऊन बाकी गाण्यावर पसरतो. टॉवर हे सूर ताकदीने सोडतो आणि लहान हॉलमध्ये त्याला भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ओढायला जागा नसते. तो कोपऱ्यात जातो आणि घुमणं आणखी वाढतं. दुकानाच्या मोठ्या दालनात भारदस्त वाटलेला आवाज घरी आल्यावर फक्त धबधब करतो, तो यामुळेच.

घर अजून ताब्यात नसेल तरी हा हिशोब आधी करता येतो. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं चटईक्षेत्र मिळतं आणि विक्रेत्याच्या नकाशावर हॉलची मापं असतात.

वॉट किती हवेत?

लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप कमी. स्पीकरच्या माहितीपत्रकात 'सेन्सिटिव्हिटी' असा आकडा असतो. समजा तो ८६ डेसिबल आहे. म्हणजे एक वॉट दिला की एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज. अडीच मीटरवर बसलात तर तो साधारण ७८ होतो, पण दोन स्पीकर आणि भिंतींचं परावर्तन मिळून पुन्हा ८०च्या पुढे जातो. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. म्हणजे घरच्या भरपूर आवाजालाही सरासरी एक-दोन वॉट पुरतात. अचानक येणाऱ्या थापेसाठी वीस-तीस वॉट राखीव असले की झालं. जाहिरातीतले हजारो वॉट 'पीएमपीओ' विसरून जा.

शेजाऱ्यांचं काय? कायदा काय सांगतो?

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खासगी साऊंड सिस्टीमचा आवाज तुमच्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. रात्री १० नंतर उघड्या जागेत स्पीकर लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सण-उत्सवांसाठी मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. विकेंडची पार्टी त्यात बसत नाही. 'फार्महाऊस माझं, आवाज माझा' हे म्हणणं कायद्यासमोर टिकत नाही.

पण खरी मेख पुढे आहे. ही मोजणी 'ए' प्रकारच्या डेसिबलमध्ये होते. त्यात खालचे सूर मुद्दाम कमी धरले जातात, कारण कानालाही ते कमी ऐकू येतात. ५० हर्ट्झला ही सूट तब्बल ३० डेसिबलची आहे. म्हणजे हद्दीवर ७५ डेसिबलचा ठेका पडत असला तरी यंत्र ४५ दाखवेल. कागदावर सगळं नियमात, आणि पलीकडच्या घरात मात्र खिडकीचं तावदान थरथरतंय.

त्यात खालचे सूर अडवणं कठीण. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास सात मीटर असते. पडदे, झाडांची रांग, पत्र्याचं कुंपण यांचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. गायकाचा आवाज कुंपणाशी विरतो, ठेका मात्र शेतापलीकडच्या ठाकरवाडीपर्यंत जातो. तिथे पहाटे उठून कामाला जाणारी माणसं झोपलेली असतात. शहराच्या गोंगाटात हा ठेका बुडून गेला असता. इथल्या शांत रात्री तो लपत नाही. ज्या शांततेसाठी लोक इथे घर घेतात, तीच शांतता आवाज लांबवर पोहोचवते.

म्हणून मोठा वूफर घेताना फक्त आपल्या खोलीचा विचार पुरत नाही. टॉवर असला तरी रात्री बास कमी करणं, दारं-खिडक्या लावणं आणि एकदा स्वतः कुंपणाबाहेर जाऊन ऐकणं, एवढं केलं तरी बराच त्रास टळतो.

इथल्या पावसाचा काय संबंध?

खूप मोठा. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा भाग, पाऊस धो-धो. सेकंड होम आठवड्यातले पाच दिवस बंद. बहुतेक स्पीकरचा खोका एमडीएफचा असतो आणि तो ओल धरून फुगतो. टॉवर थेट फरशीवर उभा असल्याने पुसण्याचं पाणी आधी त्याच्या तळाला लागतं. त्याच्याखाली दगडी लादी किंवा उंच पाय हवेतच. वूफरभोवतीची कडा फोमची असेल तर दमट हवेत ती काही वर्षांत भुसभुशीत होते, रबराची टिकते. मागच्या छिद्रात पाल किंवा कुंभारीण माशी घर करते, त्यामुळे निघताना तिथे बारीक जाळी लावावी. अॅम्प्लिफायर आतच असलेला स्पीकर असेल तर विजांच्या दिवसांत प्लग काढूनच कुलूप लावावं. छोटे स्पीकर कपाटात ठेवता येतात किंवा गाडीतून परत नेता येतात. टॉवरचं तसं नाही.

शेवटी काय घ्यावं?

- हॉल दीडशे चौरस फुटांपर्यंत : बुकशेल्फ, पण चांगल्या स्टँडवर. नाव बुकशेल्फ असलं तरी पुस्तकांच्या फळीत कोंबले की आवाज घुमतो. स्टँडचा खर्च बजेटमध्ये आधीच धरा.
- दीडशे ते अडीचशे : आधी बुकशेल्फ. दोन-तीन महिने ऐका. खाली काही कमी वाटलं तरच छोटा सबवूफर जोडा. त्याचा आवाज वेगळा कमी करता येतो, हा रात्रीचा मोठा फायदा.
- अडीचशेच्या पुढे, उंच छताचा बंगला, भिंतीपासून अंतर ठेवायला जागा : टॉवर शोभतोही आणि वाजतोही.

एकाच किमतीत निवडायचं झालं तर लक्षात ठेवा : टॉवरच्या पैशांतला बराच भाग मोठ्या खोक्यावर आणि वाहतुकीवर जातो. बुकशेल्फमध्ये तेच पैसे आतल्या भागांवर खर्च झालेले असू शकतात.

बसण्याची पद्धतही पाहा. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर काढणारा छोटा भाग, कानाच्या उंचीवर हवा. टॉवरचा ट्वीटर साधारण तीन फुटांवर असतो, सोफ्यासाठी ठीक. घरात भारतीय बैठक असेल तर तो डोक्यावरून जातो. तिथे बुटक्या स्टँडवरचा बुकशेल्फ बरा.

आणि खरेदीआधी एक फुकटचा प्रयोग. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवा. खणखणीत प्रतिध्वनी आला तर फरशी-काचांनी भरलेल्या त्या खोलीला आधी सतरंजी, जाड पडदे आणि पुस्तकांचं कपाट द्या. त्यावर खर्च केलेले पाच हजार अनेकदा स्पीकरवर वाढवलेल्या वीस हजारांपेक्षा जास्त ऐकू येतात.