नव्या गाडीचा रंग आणि आपला संकोच

गेल्या दसऱ्याला आमच्या घरी नवी मोटार आली. आमचे गाव वेल्ह्याच्या पुढे, तोरण्याच्या सावलीत. नसरापूरला एस.टी.ची वाट पाहत ज्यांनी तासन् तास काढले आहेत, त्यांना घरची गाडी येणे म्हणजे काय हे सांगायला नको. अण्णांनी भात विकून साठवलेले पैसे आणि दादाच्या पगारावर काढलेले कर्ज, असे मिळून ते चार चाकांचे स्वप्न पुरे झाले होते.

पुण्याच्या शोरूममध्ये आम्हाला गाडी ताब्यात मिळाली तेव्हा दिवेलागण झाली होती. गाडीवरचे रेशमी कापड दूर झाले, टाळ्या वाजल्या, हार घातला गेला, नारळ फुटला, चाकांखाली लिंबे ठेवली गेली. मी फोटो काढत होते. तेवढ्यात कागदांचा एक गठ्ठा पुढे आला आणि अण्णांनी दाखवतील तिथे सह्या केल्या. कागद इंग्रजीत होते. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, इंग्रजी वाचू शकते. पण त्या क्षणी मला पेढ्यांचा बॉक्स गाडीच्या टपावर कसा शोभून दिसेल याचीच चिंता होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात ऊन आले आणि डाव्या बाजूचा मागचा दरवाजा बाकीच्या गाडीहून किंचित गडद दिसू लागला. बोट फिरवले तर बारीक रवाळ लागत होते. भोरला एका ओळखीच्या गाड्या रंगवणाऱ्या मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी काचेखालचे रबर नखाने उचलले आणि म्हणाले, "हे बघ ताई, रबरावर रंगाचे तुषार आहेत. कारखान्यात रंग देतात तेव्हा रबर बसवलेलंच नसतं. हा दरवाजा नंतर रंगवलाय."

मित्रहो, हे वाक्य नीट कळावे म्हणून थोडी माहिती द्यायला हवी. कारखान्यात मोटारीचा नुसता सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून, विजेच्या साहाय्याने त्यावर पहिला थर चढवतात. त्यावर अस्तर, मग रंग आणि शेवटी काचेसारखा पारदर्शक थर येतो. हे सगळे थर मिळून जाडी जेमतेम एक दशांश मिलिमीटर किंवा त्याहून थोडी अधिक. सांगाड्याला तेव्हा आसने, काचा, रबर काहीच नसते. म्हणून तो शंभर अंशांहून पुष्कळ अधिक तापमानाच्या भट्टीत भाजता येतो. तयार गाडी अशा भट्टीत घालता येत नाही. वर्कशॉपमध्ये रंग साठ अंशांच्या आसपास वाळवावा लागतो. चांगला कारागीर रंगछटा हुबेहूब जुळवीलही, पण तो रंग मूळचा नव्हे. आणि "पॉलिश मारून देतो" हे जे आश्वासन मिळते, त्यात वर काही चढत नाही. उलट तो पारदर्शक थरच थोडा घासून जातो.

आता माझे खरे म्हणणे सांगते. नव्या गाडीवरचा प्रत्येक डाग ही तक्रारीची गोष्ट आहे असे मला वाटत नाही. रंगात अडकलेला धुळीचा मोहरीएवढा कण, कुठे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, या गोष्टी अगदी महागड्या गाडीतही सापडतात. आमच्या वाटेवरची घाणेरी आणि करवंदीची जाळी तर पंधरा दिवसांत गाडीवर आपली अक्षरे उमटवतेच. दोष वेगळा आणि दोष लपवणे वेगळे. दरवाजा रंगवला याचे दुःख नाही. रंगवला हे न सांगता 'नवी' म्हणून विकला, याचे आहे.

या प्रश्नावर अमेरिकेत गाजलेला एक खटला आहे. अलाबामा राज्यातील डॉ. गोर यांनी १९९० साली नवी बीएमडब्ल्यू घेतली. नऊ महिन्यांनी गाडी चमकवून घ्यायला नेली, तेव्हा तिचा काही भाग पुन्हा रंगवलेला असल्याचे त्या कारागिराने ओळखले. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या तीन टक्क्यांहून अधिक नसेल तर तो कोणाला सांगायचा नाही, असे कंपनीचे धोरणच होते. ज्यूरीने भरपाई दिली चार हजार डॉलर आणि लपवल्याबद्दल दंड ठोठावला चाळीस लाख डॉलरचा! पुढे राज्याच्या न्यायालयाने तो निम्मा केला, १९९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तोही अवाजवी ठरवला आणि अखेर तो पन्नास हजारांवर आला. दंड किती, यावर न्यायालयांत मतभेद झाले. पण अखेरची रक्कमही मूळ भरपाईच्या बारापटीहून अधिक होती, हे विसरू नये.

आपल्याकडे काय? घरी आजी म्हणाली, "लक्ष्मी दारात आलीय, तिला खोड काढू नये." अण्णा म्हणाले, "जाऊ दे पोरी, त्यांच्याशी कोण भांडत बसणार?" शोरूममधला माणूस फोनवर म्हणाला, "ताई, एवढं चालतंच." या तिन्ही वाक्यांचा अर्थ एकच: गप्प बसा. शुभ प्रसंगी खोट दाखवणे अशुभ, हा आपला संकोच विकणाऱ्याच्या बरोबर पथ्यावर पडतो.

आणि हे कुठे घडते? ज्या पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, त्या पुण्याच्या जिल्ह्यात! ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला, त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २०२० पासून लागू झाला. दोन वर्षांच्या आत, आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो. एका दरवाजाच्या रंगासाठी अख्खी गाडी बदलून मिळेल अशी आशा धरू नये; पण दुरुस्ती आणि भरपाई मागण्याचा हक्क आहे.

मी सह्या केलेले कागद काढून वाचले. एका कागदावर लिहिले होते की, गाडी आम्ही पूर्ण तपासली असून ती निर्दोष स्थितीत मिळाली. खाली अण्णांची वळणदार मराठी सही. ते वाचून मला जी लाज वाटली ती शोरूमची नव्हती, माझी होती. मग मी दिवसाउजेडी फोटो काढले आणि लेखी पत्र पाठवले. उत्तर आले नाही तेव्हा दुसरे पाठवले. तिसऱ्या आठवड्यात लेखी उत्तर आले. गाडी आवारात उभी असताना दरवाजाला ओरखडा पडला होता आणि तो रंगवला, हे त्यांनी मान्य केले. दरवाजाच्या रंगाची हमी दिली, काही रक्कमही परत केली. अण्णांनी पत्र दोनदा वाचून घेतले आणि एवढेच म्हणाले, "हे आधी सांगितलं असतं, तरी आपण गाडी घेतलीच असती की."

म्हणून माझ्या मित्रमैत्रिणींना विनंती आहे. घरी गाडी येणार असेल तर ती दिवसा, उन्हात, नोंदणी होण्याआधी पाहा. दरवाजे एकमेकांशी ताडून बघा, रबराच्या कडा पाहा, धुतलेल्या पत्र्यावरून बोट फिरवा. दिसेल ते कागदावर लिहा आणि मगच सही होऊ द्या. हार, पेढे, नारळ सगळे त्यानंतर. आपल्या आईवडिलांनी आपल्याला शिकायला पाठवले ते फोटो काढण्यासाठी नव्हे. त्यांची सही होण्याआधी तो कागद वाचण्यासाठी.