मुंगळ्याची चहाडी

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. भर दुपारी माझ्या मोबाइलवर निरोप आला : ‘अकोला, आजीची खोली, 85 अंश.’

मी पडलो मराठीचा मास्तर. तरी 85 अंशांत माणूस शिजतो, एवढं विज्ञान मलाही कळतं. अकोल्याचं ऊन काय वर्णावं! 2020 च्या मे महिन्यात तर तिथं पाऱ्यानं 47 अंश ओलांडले होते. पण 85? अमरावतीत बसल्या जागी मला घाम फुटला. फोन लावला. मातोश्री शांत.

“बरी आहो मी. मले काय धाड भरते? लाइन गेली होती, आत्ताच आली.”

लाइन आली, यातच सारं रहस्य होतं.

आमच्या चिरंजीवांनी आजीच्या खोलीत तापमान मोजणारी चिप टांगली आहे. डीएस18बी20 असं तिचं नाव. तीन पायांची, काळ्या मुंगळ्यासारखी, वर पोलादी नळीचं चिलखत. पोटात पारा नाही. सिलिकॉनच्या जोडावरचा विद्युतदाब उष्णता वाढली की उतरतो, अंशामागे सुमारे 2 मिलिव्होल्ट; अशा चिपा बहुधा त्यावरूनच तापमान ताडतात. पुढची गोष्ट मला फार आवडली. ही बया अंशाचे सोळा भाग करते. रुपयाचे सोळा आणे, तसे अंशाचे सोळा आणे! 41 अंश झाले, की 656 हा आकडा ती शून्य-एकाच्या भाषेत एकाच तारेवरून धाडते. पलीकडच्यानं सोळानं भागून घ्यावं. या हिशेबाला तिला पाऊण सेकंद लागतो. वीज आल्या आल्या, तेवढाही धीर न धरता विचारलंत, तर ती बेधडक 85 सांगते. ते मोजमाप नव्हेच. जन्मतः पढवून ठेवलेलं उत्तर. पाऊण सेकंद थांबायचं आमचे चिरंजीव विसरले होते!

मी हुश्श केलं, तोच दुसरा निरोप : 41. हा मात्र खरा. फार तर अर्धा अंश इकडेतिकडे. म्हणजे न मोजता दिलेली उत्तरं दोन होती. एक चिपचं 85, दुसरं आईचं ‘बरी आहो’.

“कूलर बंद आहे ना, आई?”

“त्यात बादल्या कोन ओतन? आन् तो मेला मुंगळा माह्या चहाड्या करते काय?”

अमरावतीला ये म्हटलं, तर नेहमीप्रमाणे नकार. पण आठवड्यानं ऐन दुपारी निरोप आला : 28 अंश. मला केवढा आनंद झाला! लगेच फोन केला.

“कूलर लावलास वाटतं?”

“नाई रे. तुह्या पोराचा मुंगळा माठाले बांधला. लय तापला होता बिचारा.”

संध्याकाळची अकोल्याची एस.टी. मी धरली.