फटफटीवर अकोल्याला निघताय?



डिसेंबर उजाडला की आपल्या धारणी तालुक्यात एक बेत हमखास शिजतो. सोयाबीन घरात आलेले असते, चण्याला पाणी देऊन झालेले असते, तूर अजून शेंगेत असते. चार-सहा कास्तकार पारावर टेकतात आणि त्यातला एक म्हणतो, "चला बाप्पा, यंदा अकोल्याचे प्रदर्शन पाहून येऊ." दुसरा म्हणतो, "गाड्या तर दारात उभ्याच आहेत!" झाले, पंधरा मिनिटांत बेत पक्का.

पेरणीच्या आधी आपण वाफसा पाहतो, बियाण्याची उगवण तपासतो, तिफणीचे फण पाहतो. मग जाऊन-येऊन चारशे किलोमीटरच्या फटफटीच्या प्रवासाला पंधरा मिनिटे कशी पुरतील? म्हणून आज खत-फवारणी बाजूला ठेवू आणि प्रवासाच्या मशागतीबद्दल बोलू.

जाऊ नका, असे मी मुळीच सांगणार नाही. पाहून शिकणे हे ऐकून शिकण्यापेक्षा केव्हाही पक्के. आपल्याच जिल्ह्यातल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख केंद्रात कृषिमंत्री असताना त्यांनी १९५९-६० साली दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले, ते याच विचाराने. त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ ला अकोल्यात सुरू झाले. तिथले प्रदर्शन त्यांच्या जयंतीच्या, म्हणजे २७ डिसेंबरच्या सुमारास भरत आले आहे. तारीख मात्र कृषी कार्यालयात विचारूनच निघा.

पूर्वी तुकईथड किंवा धुळघाटहून छोटी रेल्वे होती. डब्यात बसून डुलक्या घेत अकोला गाठता येई. रुंद रुळांच्या कामासाठी ती गाडी २०१७ च्या सुरुवातीला बंद झाली. तेव्हापासून आपली भिस्त एसटीवर, नाही तर फटफटीवर.

पल्ला आणि दिवस मोजा

हरिसाल, सेमाडोह, घटांग करीत परतवाडा धरला तर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर होतात. पुढे अंजनगाव सुर्जी, अकोट आणि अकोला. एकूण रस्ता दोनशेच्या आसपास. पहिला अर्धा भाग डोंगराचा आणि व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाचा. तिथे ताशी तीसचा हिशेब धरा, मैदानात चाळीसचा. विसावे धरून सात-साडेसात तास सहज जातात.

आता दिवस पाहा. डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहाला मावळतो. उजेड पावणेअकरा तासांचा. त्यात जाणे, प्रदर्शन पाहणे आणि परत येणे बसूच शकत नाही. तरी दरवर्षी काहीजण ते बसवायला पाहतात. पहाटे चारला निघतात, धावतपळत दोन तास प्रदर्शन पाहतात आणि अंधारात घाट चढतात. सकाळचे दंव, संध्याकाळचा अंधार, रस्त्यावर उभा राहिलेला गवा, आडवे गेलेले रानडुक्कर! एवढे सगळे कशासाठी, तर एका रात्रीच्या मुक्कामाचे पैसे वाचावेत म्हणून.

त्यापेक्षा तीन दिवसांचा बेत करा. पहिल्या दिवशी सकाळी साडेसातला निघा. परतवाड्याला अकराच्या सुमारास भाकरी खा, तीनच्या आसपास अकोल्यात पोचाल. दुसरा पूर्ण दिवस प्रदर्शनाला द्या. तिसऱ्या दिवशी सकाळी परत फिरा. आणि एक नियम वहीत लिहून ठेवा: परतवाड्याहून धारणीकडे दुपारी दोननंतर निघायचे नाही. दोन वाजून गेले, तर मुक्काम परतवाड्याला. जंगलाच्या नाक्यावरच्या वेळाही आधी विचारून घ्या.

आदल्या रात्रीचे ओलीत

हा मुद्दा शहरातल्या प्रवाशाला सुचायचा नाही, पण आपल्याला पक्का ठाऊक आहे. वीज रात्रीची असली की रात्रभर गव्हा-चण्याला पाणी द्यायचे आणि सकाळी तोंड धुऊन गाडीला किक मारायची, असे होते. सलग सतरा-अठरा तास जागलेल्या माणसाचे हात आणि नजर थोडी दारू घेतलेल्या माणसासारखीच मंद होतात. हे तपासून पाहिलेले आहे. चालत्या फटफटीवर डोळा दोन सेकंद मिटला, तर ताशी साठच्या वेगाने गाडी तेहतीस मीटर आपल्याला न विचारता जाते. म्हणून ज्याची ओलिताची पाळी त्याने पाळी बदलून घ्यावी, नाही तर जोडीदाराच्या मागे बसूनही जाऊ नये. मागचा पेंगला तरी गाडी कलंडते. सरळ एक दिवस उशिरा निघा.

गाडीची मशागत

निघण्याच्या दोन दिवस आधी गाडी मिस्तरीला दाखवा, निघायच्या सकाळी नको. ब्रेकचे लायनर, चेनचा ताण, इंजिन ऑइल, क्लच आणि अॅक्सिलरेटरची तार, दिवे, टायर हे सगळे पाहून घ्या. टायरवरच्या रेघा पुसल्या असतील तर तो टायर गावातच ठेवा. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात हवा जास्त लागते. किती, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. जवळ एक प्लग, क्लचची तार, ट्यूब, पाने, बॅटरी आणि दोरी असू द्या. टाकी धारणीतच भरा, परतवाड्यापर्यंत पंपाची आशा धरू नका. पेट्रोलची बाटली सामानात कोंबणे म्हणजे गवताच्या गंजीत निखारा ठेवणे.

ओझ्याचाही विचार करा. १९५२ साली चे गव्हेरा आणि अल्बर्तो ग्रानादो हे दोघे अर्जेंटिनी मित्र एका जुन्या नॉर्टन मोटारसायकलवर सामान लादून दक्षिण अमेरिका पाहायला निघाले. गाडीचे नाव त्यांनी ठेवले होते 'बलवान'. या बलवानाने चिलीत अंग टाकले आणि पुढची वाट त्यांना मिळेल त्या वाहनाने काढावी लागली. नावाने गाडी बलवान होत नसते. येताना प्रदर्शनातला फवारणी पंप आणि बियाण्याची पिशवी हँडलला लटकवू नका. ते एसटीने पाठवा.

टोळीचा कायदा

पाच-सहा गाड्यांपेक्षा जास्त टोळी नको. सगळ्यांत पुढे रस्त्याचा माहीतगार ठेवा, सगळ्यांत मागे थंड डोक्याचा आणि हत्यारे जवळ असलेला गडी. ज्याची गाडी जुनी किंवा हात नवखा, त्याला पुढच्याच्या लगेच मागे ठेवा आणि वेग त्याचा धरा. बैलजोडीत एक बैल ओढाळ आणि एक दमलेला असला की बंडी चाकोरी सोडते, तसेच हे आहे.

दोन गाड्यांत दोन सेकंदांचे अंतर हवे. पुढची गाडी एखाद्या झाडापाशी पोचली की "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणा, त्याआधी तुमची गाडी त्या झाडापाशी येता कामा नये. वळणावर एकामागे एक चाला, शेजारी शेजारी गप्पा मारीत नको. मागची गाडी आरशात दिसेनाशी झाली की पुढच्याने वेग कमी करावा. घटांगसारख्या फाट्यावर शेवटची गाडी येईपर्यंत सगळ्यांनी थांबावे. जंगलात बऱ्याच ठिकाणी मोबाइल लागत नाही, तेव्हा फोनवर विसंबू नका. थांबायची ठिकाणे घरीच ठरवून घ्या.

आणि सर्वांत मोठा कायदा हा, की "थांबा" म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. "थंडी वाजते", "डोळे जड झाले", "भीती वाटते" असे कोणी म्हटले तर त्याची टिंगल करायची नाही. आपण शंकरपटात उतरलेलो नाही. इथे पहिला नंबर आलेल्याला कोणी फेटा बांधत नाही.

घाट आणि वीस रुपये

उतारावर इंजिन बंद करून गाडी घरंगळत नेण्याची खोड आपल्याकडे फार आहे. दहा किलोमीटरच्या उतारात वाचून वाचून पावणेदोनशे मिलिलिटर पेट्रोल वाचेल, म्हणजे वीस रुपयांच्या आत. त्या वीस रुपयांसाठी सगळा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक तापतो आणि ऐन वळणावर दगा देतो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. जनावर दिसले तर लांबच थांबा. हॉर्न वाजवू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका, ते निघून जाईपर्यंत वाट पाहा.

शरीराची निगा

तासाभराने दहा मिनिटे उतरा, चाला, पाणी प्या. थंडीत तहान कळत नाही, पण अंग सुकते आणि डोके दुखू लागते. पोट तट्ट भरून खाऊ नका. अर्धी भाकरी आता, अर्धी पुढच्या थांब्यावर. सदऱ्याच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवली की वारा अडतो. हातमोजे घाला, गारठलेली बोटे वेळेवर ब्रेक दाबत नाहीत. बसून बसून कातडी सोलवटते, म्हणून आतले कपडे सुती आणि जाड शिवण नसलेले असू द्या. खड्डा आला तर पायऱ्यांवर जोर देऊन किंचित उठा, कंबर वाचेल.

मुक्कामाच्या रात्री "थोडीशी" घेण्याचा आग्रह होतो. रात्रीची दारू सकाळीही रक्तात असू शकते. ज्याला गाडी चालवायची आहे त्याने आग्रहाला हात जोडावेत.

हेल्मेट मागच्यालाही हवे आणि पट्टा लावलेलेच हवे. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती. दुचाकीवरच्या मृतांपैकी पन्नास हजारांवर लोकांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. एका गाडीवर तिघे बसू नका, ते कायद्यालाही मान्य नाही.

भगिनींनो, तुमच्यासाठी

हे प्रदर्शन तुमचेही आहे. बियाणे निवडते कोण, साठवते कोण? पण थंडीत दोनशे किलोमीटर मागे बसून, कडेवर लेकरू घेऊन जाण्यात शहाणपण नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे. चार-पाच जणी मिळून एसटीने या आणि अकोल्यात भेटा. गाडीवर बसलातच तर पदर कमरेला खोचा, ओढणी बांधून घ्या. चाकात गेलेला पदर क्षणात माणसाला खाली ओढतो.

घरी राहणारीने एक कागद मागून घ्यावा. त्यावर कोण कोण गेले, गाड्यांचे नंबर, मुक्काम कुठे आणि कोणत्या ठिकाणाहून किती वाजता फोन करणार, एवढे लिहिलेले असावे. प्रत्येकाच्या खिशातही नाव, रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी. अपघात झाला तर १०८ वर रुग्णवाहिका मिळते. फोन लागत नसेल तर एकाने जखमीजवळ थांबावे आणि एकाने पुढच्या गावाकडे निघावे. सगळ्यांनी मिळून धावू नये.

शेवटी हिशेब. जाऊन-येऊन चारशे किलोमीटर, लिटरला पन्नास, म्हणजे आठ लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर ८४० रुपये, दोघांत वाटून ४२०. त्यात मुक्काम, जेवण आणि आडवेळेचे म्हणून माणशी हजार रुपये वेगळे ठेवा. एवढे हातात नसतील तर एसटीने जा, त्यात कमीपणा काही नाही.

पिकाचा विमा आपण आठवणीने उतरवतो. गाडीच्या विम्याचा कागद आज काढून पाहा, तारीख उलटून गेलेली नाही ना? आणि अकोल्याहून याल तेव्हा तिथे काय पाहिले ते पारावर सगळ्यांना सांगा. एकाने पाहावे आणि गावाने शिकावे, म्हणूनच तर जायचे.