टॉवेलची दांडी म्हणजे आधार नव्हे!

आमचं घर सदाशिव पेठेतलं. वाडा पाडून इमारत झाली, तेव्हा बाथरूमसाठी गुळगुळीत, चकचकीत फरशी मीच पसंत केली होती. येणारी-जाणारी कौतुक करायची. दोन वर्षांपूर्वी त्याच फरशीवर सासूबाईंचा पाय घसरला. सावरायला त्यांनी टॉवेलची दांडी धरली, ती स्क्रूसकट हातात आली. दाराला आतून कडी, दार आत उघडणारं आणि दारामागे त्या पडलेल्या! सुताराने दार काढेपर्यंत अर्धा तास गेला. खुब्याचं हाड मोडलं होतं.

ऑपरेशन झालं, आता त्या वॉकरवर चालतात. पण एकटीने तुळशीबागेत जाऊन येणारी ही बाई आता जिना उतरायलाही घाबरते, याची मला फार रुखरुख लागते.

'म्हातारपणी पडणं व्हायचंच,' असं आपण सहज म्हणून जातो. मला नाही पटत ते. पडून जीव गमावणाऱ्यांत साठीच्या पुढचेच सर्वांत जास्त असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण यातलं बरंचसं टाळता येतं. पुण्यातल्या 'अथश्री'सारख्या ज्येष्ठांच्या संकुलांत आधाराच्या दांड्या, न घसरणारी फरशी आधीपासूनच असते. मग आपल्या घरात का नको?

आम्ही काय केलं, सांगते. कमोडशेजारी आणि नळाजवळ स्टीलच्या जाड दांड्या भिंतीत पक्क्या बसवल्या, जमिनीपासून साधारण ३३ ते ३६ इंचांवर. फरशी खरखरीत घातली. ते जमत नसेल तर खालून घट्ट चिकटणारी रबरी मॅट चालेल. बसायला रबरी पायांचं स्टूल, रात्रभर छोटा दिवा. दार आता बाहेर उघडतं आणि कडी बाहेरूनही काढता येते.

सासूबाई कुरकुरल्याच. "अगं, घराचं हॉस्पिटल कशाला करतेस?"

म्हटलं, "आई, हे माझ्यासाठी करतेय. माझीही पन्नाशी उलटलीय!"

त्या हसल्या. आता कुणाला हाक न मारता एकट्या आंघोळ करून येतात. त्यांचा मान राहतो आणि माझा जीवही थाऱ्यावर राहतो.

मैत्रिणींनो, या दिवाळीला पडदे बदलायच्या आधी बाथरूमचं दार कुठल्या बाजूला उघडतं, तेवढं बघा. पडल्यावर धावपळ करणारी सून सगळ्यांना दिसते. पडूच न देणारी कुणाला दिसत नाही. पण आपण तीच व्हायचं.