बालभारतीस खुले पत्र: लोक देव का मानतात, हे मुलांना विचारू द्या

प्रति,
मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती),
पुणे.

विषय: माध्यमिक इयत्तांच्या पुस्तकांत ‘लोक देव का मानतात, धर्माची शिकवण का पाळतात’ यावर पाठ घेण्याबाबत.

महोदय,

आपल्या मंडळाचे पुस्तक उघडले की सुरुवातीच्या पानांवर संविधानाची उद्देशिका, नागरिकांची मूलभूत कर्तव्ये, राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञा असते. वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि जिज्ञासा बाळगणे हे त्या कर्तव्यांपैकी एक. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ते आले. ही पाने उलटली की अनुक्रमणिका लागते आणि बहुतेक वर्गांत त्या कर्तव्याची आठवण तिथेच मिटते.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो. परिपाठात आम्ही मुलांकडून दहा मूल्ये पाठ करून घ्यायचो. त्यांत सर्वधर्मसहिष्णुता आहे आणि वैज्ञानिक दृष्टिकोनही आहे. एकाच यादीत राहून या दोघांची कधी गाठ पडली नाही. एका सोमवारी सगळे धर्म चांगलेच शिकवतात असे सांगायचे आणि पुढच्या सोमवारी पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नका असे सांगायचे. मुले दोन्ही वाक्ये सुवाच्य अक्षरात वहीत उतरवतात. ही दोन वाक्ये एकमेकांसमोर आली तर काय करायचे, हे त्यांना कुणी सांगत नाही आणि विचारूही देत नाही. मला शिकवायला मिळालेल्या पुस्तकांत तरी ही गाठ घालून देणारा पाठ आढळला नाही. तो असावा, एवढ्यासाठी हे पत्र.

मी देव मानत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझा छुपा हेतू ओळींमध्ये शोधत बसावे लागणार नाही. मुलांना नास्तिक करा अशी माझी मागणी नाही. देव आहे की नाही, याचा निकाल पाठ्यपुस्तकाने देऊ नये. तो त्याचा अधिकारही नाही. पण लोक देव का मानतात, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचा अभ्यास करता येतो. माणसे, इतिहास, गावे, सवयी बघून त्याची उत्तरे शोधता येतात. धर्माची कोणती शिकवण पाळावी आणि कोणती सोडावी, हा तिसरा प्रश्न. तो ज्याचा त्याने सोडवायचा, पण सोडवायची रीत शाळेने दाखवायला हवी. आपण या तिन्ही प्रश्नांची मोट बांधून ती ‘नाजूक विषय’ म्हणून माळ्यावर टाकली आहे.

खंडेनवमीला आमच्या प्रयोगशाळेत पूजा व्हायची. प्रयोगशाळा परिचर, म्हणजे सगळ्या शाळेचे मामा, आदल्या दिवशी चंचुपात्रे धुऊन मांडायचे, सूक्ष्मदर्शकाला झेंडूची माळ घालायचे, तराजूला हळदकुंकवाची बोटे लावायचे आणि आम्लाच्या बाटल्यांच्या कपाटाला आंब्याची डहाळी बांधायचे. एका वर्षी मी विचारले, “मामा, या सूक्ष्मदर्शकात देव आहे असं वाटतं तुम्हाला?” ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, “त्यात कशाला असेल देव? वर्षभर पोरांना सल्फ्युरिक काढून देतो, सर. हात शाबूत राहिले, कुणाच्या डोळ्यात काही उडालं नाही. कुणापुढं तरी हात जोडायला नकोत?”

या उत्तरात सूक्ष्मदर्शकाच्या दैवी शक्तीविषयी एक अक्षर नाही. त्यात धोका आहे, अंगावर घेतलेली जबाबदारी आहे आणि यंदाही निभावले याचा सुटकेचा श्वास आहे. ‘पुरावा काय?’ या प्रश्नाने मामांच्या नमस्काराला धक्का लागत नाही, कारण तो पुराव्यावर उभाच नाही. मात्र दुसरा एक प्रश्न लागू पडतो: शाळेने त्यांना धड हातमोजे आणि चष्मा दिला असता, तर हा नमस्कार थोडा कमी कळकळीचा झाला असता का?

ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने अशाच प्रश्नाचा माग काढला. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहिला. बेटाच्या आतल्या शांत, उथळ पाण्यात मासे धरायला निघालेले लोक कोणताही मंत्रविधी करत नाहीत आणि खुल्या समुद्रात जायचे असले की मात्र सगळे विधी साग्रसंगीत होतात, असे त्याला दिसले. जिथे कसब पुरते तिथे कसबावर भिस्त आणि जिथे कसबापलीकडचे काही आडवे येऊ शकते तिथे विधी. आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात तो पावसाळ्यानंतर होड्या पुन्हा बाहेर काढण्याच्या तोंडावर. आणि किनाऱ्यावर तरी कशाला जायचे? दहावीच्या पेपरच्या सकाळी हॉल तिकीट देवापुढे ठेवतात, पेनाला अंगारा लावतात. घटक चाचणीला कुणी लावत नाही. ही गोष्ट नववीच्या वर्गात नुसती बोलून दाखवली तरी मुले हसतील आणि मग विचारात पडतील. ते हसू कुणाची टर उडवणारे नसेल, कारण पेन प्रत्येकाच्याच कंपासमध्ये असतो.

अर्थात अनिश्चितता हे एकच कारण नाही. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत घाटावर थांबलेल्या माणसांत न मानणारेही असतात आणि कावळा शिवला की त्यांनाही हलके वाटते. तिथे दुःखाला एक ठरलेली रीत मिळालेली असते आणि चार माणसे सोबत असतात. वारीत आणखी वेगळे दिसते. इरावती कर्वे या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक स्वतः वारीत चालल्या आणि त्यावर त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. वारकऱ्यांचे प्रेम, एकत्र चालण्याने येणारे आपलेपण त्यांनी मनापासून टिपले. त्याच लेखात त्यांनी ब्राह्मण आणि मराठा मंडळींची जेवणे वेगवेगळी होत असल्याचेही नोंदवले. भक्ती माणसांना जोडते आणि त्याच रस्त्यावर जात त्यांना वेगळेही बसवते. दोन्ही खरे आहे आणि दोन्ही एकाच पाठात मावते. यांपैकी कोणतेही कारण सापडल्याने देव खोटा ठरत नाही, तसा खराही ठरत नाही. हा फरक मुलांना समजला तर तर्कशास्त्राचा एक मोठा धडा पदरात पडेल.

लागणारी सामग्री दुरून आणायची नाही, ती आपल्याच पुस्तकांत अर्धवट पडून आहे. सत्यशोधक समाज १८७३ साली स्थापन झाला हे मुलांना ठाऊक असते, कारण जोड्या लावा. पण जोतीराव फुल्यांनी पोथ्या आणि पुरोहित नाकारून निर्मिक मात्र मानला, हे किती मुलांना ठाऊक आहे? आगरकरांनी ‘सुधारक’ काढला हे सांगितले जाते. बुद्धीला न पटणारे काहीही, अगदी देवसुद्धा, मानायचे नाही इथवर ते गेले होते, हे सांगितले जात नाही. डॉ. आंबेडकरांनी १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा घेतली, ही तारीख पाठ असते. त्यांनी देव सोडला आणि तरी माणसाला धर्माची गरज आहे असे मानले, ही त्यातली खरी विलक्षण गोष्ट वर्गात निसटते. गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्नांमागून प्रश्न विचारून दगडाच्या देवावरची त्यांची श्रद्धा हलवायचे आणि शेवटी गोपालाचाच गजर करायचे. एकाच प्रांतातल्या चार माणसांनी एका प्रश्नाची चार उत्तरे दिली. आपण मात्र चौघांनाही ‘समाजसुधारक’ या एकाच रकान्यात बसवून दोन गुणांचा प्रश्न काढतो.

संतांच्या बाबतीतही तेच. मराठीच्या तासाला अभंगाचा भावार्थ आणि अलंकार होतात. जनाबाई विठोबाला फैलावर घेते, तुकोबा एका अभंगात देव आपल्यापुरता मेला असे म्हणून मोकळे होतात. ही भांडणे भक्तीच्या आतली आहेत. आपल्याकडे देवाला जाब विचारणे ही श्रद्धेचीच एक रीत होती, हे कळले तर प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आपण काही पाप करतो आहोत असे वाटणार नाही.

आता धर्माच्या शिकवणीकडे येतो. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजननाचा भाग आहे, मासिक पाळीचे जीवशास्त्र आहे. तो भाग मी शिकवायचो. त्याच शाळेत सरस्वतीपूजनाच्या दिवशी काही मुली वर्गाच्या दाराशी थांबायच्या. प्रसाद पुढे केला की मान खाली घालून म्हणायच्या, “सर, मला अडचण आहे.” कुणी ग्रंथ वाचून असे ठरवले होते का? मुळीच नाही. आईने सांगितले होते, आईला तिच्या आईने. बहुतेक धार्मिक शिकवण अशीच घराच्या उंबऱ्यातून येते, पोथीतून नव्हे. ती पाळण्यामागे देवाच्या भीतीइतकीच आईच्या मनाची काळजी असते. त्या मुलीला ‘हे थोतांड आहे’ असे सांगणे सोपे आहे आणि निरुपयोगी आहे, कारण घरी ती एकटी पडते. तिला हा नियम कुठून आला, कुणाच्या सोयीचा होता, तो मोडल्याने कुणाचे काय बिघडते, हे प्रश्न विचारायची सवय लागली तर पुढचे ती बघून घेईल. पाळायचा की सोडायचा, तिचे ती ठरवेल.

आपले आक्षेप मला अंदाजाने माहीत आहेत. पहिला कायद्याचा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे संविधानाचे अठ्ठाविसावे कलम सांगते. बरोबर. पण धर्म शिकवणे आणि धर्मांविषयी शिकवणे यांत फरक आहे आणि २००२ साली अरुणा रॉय खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. त्या निकालात जिचा आधार घेतला गेला, ती मूल्यशिक्षणाविषयीची संसदीय समिती आपल्याच शंकरराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालची होती. तेव्हा वाट मोकळी आहे.

दुसरा आक्षेप भावना दुखावण्याचा. ही भीती खोटी नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी आपल्याच शहरात झाला. तरीही एक गोष्ट लक्षात घ्या. देवाला निवृत्त करा म्हणणारे डॉ. श्रीराम लागू आणि आमची अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माच्या विरोधात नाही म्हणणारे दाभोलकर एकाच व्यासपीठावर जाहीर वाद घालायचे, आणि सामान्य आस्तिक माणसे ते शांतपणे ऐकायची. श्रोते आपल्याला वाटतात त्यापेक्षा सोशिक असतात. २०२४ मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात गीता आणि मनाचे श्लोक यांच्या पाठांतराची सूचना आली, तेव्हा भरपूर वाद झाला. दोन्ही बाजू पाठ करावे की करू नये एवढ्यावरच भांडल्या. पाठ केलेल्या ओळीवर मुलाने शंका काढली तर गुरुजींनी काय करावे, हे कुणी विचारले नाही.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो सगळ्यांत वजनदार. शिक्षक स्वतः श्रद्धाळू असेल तर प्रवचन करेल, माझ्यासारखा असेल तर टोमणे मारेल. म्हणून पाठात शिक्षकाला बोलायला कमी आणि मुलांना शोधायला जास्त ठेवा. प्रकल्प द्या: आपल्या गावातल्या म्हसोबा, वेताळ, मरीआई यांची ठाणी नकाशावर मांडा. ती वेशीवर आहेत, बांधावर आहेत की चव्हाट्यावर? मरीआईचा आणि पटकीच्या साथीचा संबंध गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. दा. ध. कोसंबी गणिताचे प्राध्यापक असून पुण्याभोवतीच्या डोंगरांत हेच करत हिंडले आणि देवींच्या ठाण्यांवरून जुन्या पायवाटांचा माग काढत गेले. दुसरा प्रकल्प मुलाखतीचा: घरातल्या एका मानणाऱ्याला आणि ओळखीतल्या एका न मानणाऱ्याला तेच पाच प्रश्न विचारा. मशिदीत जाणारा, चर्चमध्ये जाणारा, विहारात जाणारा शेजारी असेल तर त्यालाही विचारा. उत्तरे जशीच्या तशी लिहा, आपले मत वेगळ्या पानावर. सर्वधर्मसहिष्णुता आणि वैज्ञानिक दृष्टिकोन यांची गाठ या दोन पानांमध्ये पडेल.

हे आपण केले नाही म्हणून मुले प्रश्नाविना राहत नाहीत. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पिऊ लागला, तेव्हा पृष्ठताण म्हणजे काय हे आम्ही दुसऱ्या दिवशी वर्गात चमचा घेऊन दाखवले. इतक्या माणसांना ते खरे असावे असे का वाटले, यावर आम्हाला बोलायला पुस्तकात जागा नव्हती. ती जागा आज मोबाइलवरचे बाबा भरून काढतात, तेही रोज सकाळी, आणि त्यांना शंका चालत नाहीत.

शेवटी एक तांत्रिक विनंती. पाठ घेतलात तर मूल्यमापनही येईल. ‘तुमच्या ओळखीची एक व्यक्ती देव का मानते किंवा का मानत नाही, ते तिच्या बाजूने लिहा’ असा एक प्रश्न जरूर काढा. मात्र त्याचे नमुना उत्तर छापू नका. समोरच्याची बाजू त्याला पटेल अशी मांडली आहे का, एवढेच पाहून गुण द्या. मुलगा आस्तिक की नास्तिक, हे परीक्षकाला उत्तरावरून ओळखता आले नाही, तर पैकीच्या पैकी.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक