सोवेटोची मुले मातृभाषेसाठी लढली नव्हती

दरवर्षी १६ जून उजाडला की तेच छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरू लागते. एका तरुणाच्या हातांवर बारा वर्षांच्या मुलाचा निपचित देह, आणि शेजारून हात उंचावून आक्रंदत धावणारी त्याची बहीण. खाली ओळ ठरलेली असते: 'मातृभाषेसाठी प्राण देणारी सोवेटोची मुले'. आपल्या मराठी वर्तुळात भाषेचा वाद पेटला की हा दाखला हमखास बाहेर निघतो. ओळ हृदयाला भिडते, यात शंका नाही. परंतु ती खोटी आहे, आणि ज्यांच्या नावाने ती लिहिली जाते त्यांच्या बुद्धीचा तीत अपमान आहे. म्हणून हा थ्रेड. लांब आहे, सवडीने वाचावा.

मी स्वतः मराठी माध्यमाचा कडवा समर्थक आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढचे वाचून कोणी मला इंग्रजीचा वकील ठरवू नये.

सोवेटो म्हणजे जोहान्सबर्गच्या नैऋत्येला, सोन्याच्या खाणींच्या आणि शहरातील घरकामाच्या सोयीसाठी, कृष्णवर्णीयांना वसवलेल्या वस्त्यांचा समूह. १९७४ मध्ये दक्षिण ट्रान्सवालच्या शाळांना बांटू शिक्षण खात्याचे एक परिपत्रक आले. १९७५ पासून पाचव्या स्टँडर्डपासून पुढे अंकगणित, गणित आणि समाजशास्त्र हे विषय आफ्रिकान्समधून शिकवायचे. सामान्य विज्ञान आणि सुतारकाम, शिवण, गृहकाम यांसारखे विषय इंग्रजीतून. मुलांच्या स्वतःच्या भाषा उरल्या धर्मशिक्षण, संगीत आणि कवायतीपुरत्या.

ही वाटणी नीट वाचा. ज्या भाषेवर मुलांचे प्रभुत्व होते तिच्यात गायचे आणि कवायत करायची. जी त्यांना जेमतेम येत होती, आणि त्यांच्या बहुसंख्य शिक्षकांनाही धड येत नव्हती, तिच्यात बीजगणित सोडवायचे. आफ्रिकान्स ही डच भाषेपासून दक्षिण आफ्रिकेत घडलेली, गोऱ्या राज्यकर्त्या समाजाची भाषा. पोलिसाची, पास तपासणाऱ्याची, न्यायालयातल्या दरडावणीची भाषा म्हणूनच ती सोवेटोला ठाऊक होती.

यापुढे बहुतेक पोस्ट थेट मोर्चावर आणि गोळीबारावर उडी मारतात. आपण मात्र तेवीस वर्षे मागे जाऊ, कारण मुलांचे भांडण तिथे सुरू होते.

१९५३ चा बांटू शिक्षण कायदा. त्याचे कर्तेधर्ते हेंड्रिक फर्वूर्ट, तेव्हा देशी व्यवहारांचे मंत्री आणि पुढे पंतप्रधान. या गृहस्थांनी आपला हेतू कधी लपवला नाही. ठरावीक प्रकारच्या मजुरीच्या वर आफ्रिकी माणसाला गोऱ्या समाजात स्थान नाही, आणि जे गणित त्याला कधी वापरायचेच नाही ते त्याच्या मुलाला शिकवून काय साधणार, असे त्यांनी संसदेत उघडपणे मांडले होते. शिक्षण कमी द्यायचे, हे या राज्यव्यवस्थेचे धोरणच होते. मिशनरी शाळा सरकारने ताब्यात घेतल्या किंवा अनुदान तोडून त्यांचा गळा आवळला. १९७५-७६ साली सरकार एका गोऱ्या विद्यार्थ्यावर ६४४ रँड खर्च करत होते आणि एका आफ्रिकी विद्यार्थ्यावर ४२ रँड. गोऱ्या मुलाला शिक्षण मोफत आणि सक्तीचे होते. आफ्रिकी मुलाच्या आईबापांना मात्र फी आणि पुस्तके यांसाठी पदरमोड करावी लागे.

आता या थ्रेडचा गाभा. याच बांटू शिक्षणाने प्राथमिक शाळेची आठही वर्षे मातृभाषेचे माध्यम सक्तीचे केले होते.

होय, मातृभाषेचे. झुलू मुलाला झुलूतून, सोथो मुलाला सोथोतून, त्स्वाना मुलाला त्स्वानातून. शाळाही शक्य तिथे जमातवार वेगळ्या. योगायोग पाहा: त्याच १९५३ मध्ये युनेस्कोने देशी भाषांतील शिक्षणाविषयीचा आपला प्रसिद्ध अहवाल छापला आणि मुलाला शिकवण्याचे सर्वोत्तम माध्यम त्याची मातृभाषाच, असे जगाला सांगितले. ते शास्त्र आजही खरे आहे. प्रिटोरियाच्या राज्यकर्त्यांनी तेच शास्त्र कुंपण घालायला वापरले. मूल झुलूतून आठ वर्षे शिकेल, पण झुलूतून पुढे ना विद्यापीठ, ना कारखान्यातली बढती, ना न्यायालय, ना शेजारच्या वस्तीतल्या सोथो मुलाशी एक राजकारण. प्रत्येक जमात आपापल्या भाषेच्या दावणीला बांधलेली. आणि ते कुंपण ओलांडून मूल माध्यमिक शाळेत आलेच, तर समोर आफ्रिकान्स.

म्हणूनच सोवेटोच्या विद्यार्थ्यांनी मागितली ती इंग्रजी. तीही परक्यांचीच, पण जिच्यातून जगाची पुस्तके, वर्तमानपत्रे आणि स्वातंत्र्याचे लढे वाचता येत होते अशी भाषा. कोणती भाषा आपल्याला कुठवर नेते, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना कळले होते. आपण मात्र पन्नास वर्षांनंतर त्यांच्या तोंडी मातृभाषेचा जयघोष घालतो.

यातला उपरोध आफ्रिकान्स भाषकांच्या स्वतःच्या इतिहासात आहे. बोअर युद्धानंतर ब्रिटिश उच्चायुक्त मिल्नर यांनी त्यांच्या मुलांवर इंग्रजी लादली, तेव्हा याच समाजाने वर्गण्या काढून आपल्या स्वतंत्र शाळा उभारल्या होत्या. आफ्रिकान्सला राजभाषेचा दर्जा मिळाला १९२५ मध्ये. बरोबर पन्नास वर्षांनी ती दुसऱ्यांच्या मुलांवर लादण्यात आली. दंडुका हातात आला की पाठीवरचे वळ विसरतात.

भाषेचा प्रश्न पेटण्याआधीच शाळा फुटायला आल्या होत्या, हेही विसरू नये. १९६२ ते १९७१ या काळात सोवेटोत एकही नवी माध्यमिक शाळा बांधली गेली नाही. धोरण असे की शिकायचे असेल त्याने दूरच्या 'होमलँड'मध्ये जावे. मग कारखानदारांना थोडे शिकलेले कामगार हवेसे झाले, धोरण सैल पडले आणि १९७२ ते १९७६ या चार वर्षांत सोवेटोतील माध्यमिक विद्यार्थ्यांची संख्या साडेबारा हजारांच्या आसपास होती ती चौतीस हजारांपुढे गेली. त्यात प्राथमिक शिक्षणाचे एक वर्ष रद्द केल्यामुळे १९७६ च्या आरंभी दोन वर्गांची मुले एकदमच माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्गात येऊन आदळली. बाक तेवढेच, शिक्षक तेवढेच, आणि आता गणिताची भाषा परकी.

वडीलधारी मंडळी या काळात काय करत होती? ती अर्ज करत होती. शाळा मंडळांनी निवेदने दिली, मुख्याध्यापकांनी सवलती मागितल्या. मेडोलँड्सच्या त्स्वाना शाळा मंडळाने इंग्रजी माध्यम ठेवण्याचा आग्रह धरला, तर त्याच्या दोन सदस्यांना १९७६ च्या आरंभी बडतर्फ करण्यात आले आणि बाकीच्यांनी राजीनामे दिले. आफ्रिकी जनतेशी सल्लामसलत केली का, असे विचारल्यावर उपमंत्री पंट यान्सन यांनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे: केली नाही, करणारही नाही, आपण देशाच्या राज्यघटनेचा सल्ला घेतला आहे. ज्या घटनेत त्या जनतेला मतच नव्हते, तिचा सल्ला!

१७ मे १९७६ रोजी ऑर्लंडो वेस्ट ज्युनियर सेकंडरी शाळेतील मुलांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. पाहता पाहता इतर शाळा सामील झाल्या. १३ जूनला ऑर्लंडोच्या डोनाल्डसन समाजमंदिरात सभा झाली, प्रत्येक शाळेतून दोन प्रतिनिधी घेऊन कृती समिती नेमली गेली, आणि मॉरिस आयझॅक्सन हायस्कूलचा एकोणीस वर्षांचा त्सिएत्सी माशिनिनी याने १६ तारखेच्या मोर्चाचा प्रस्ताव मांडला. आईवडिलांना सांगायचे नाही, असेही ठरले. तीन दिवसांत हजारो मुलांचा मोर्चा उभा राहिला, आणि शहराच्या बहुतेक आईबापांना सकाळपर्यंत पत्ता नव्हता. एका फलकावरचा आशय तर नामी होता: आम्ही आफ्रिकान्स शिकायची असेल तर पंतप्रधान फोर्स्टर यांनी झुलू शिकावी.

त्या सकाळी पोलिसांनी मुलांवर गोळ्या झाडल्या. पंधरा वर्षांचा हेस्टिंग्ज एन्डलोवू गेला, बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन गेला. सॅम न्झिमा यांनी टिपलेले हेक्टरचे छायाचित्र जगभर छापले गेले. हेस्टिंग्जचे छायाचित्र कोणी काढले नाही, म्हणून त्याचे नाव क्वचितच कोणाला आठवते.

यावर सरकारी युक्तिवाद लगोलग तयार झाला: मुलांना बाहेरच्या चिथावणीखोरांनी भडकावले. हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. कोणत्याही देशात विद्यार्थी बोलू लागले की 'यांच्या मागे कोण' हा पहिला प्रश्न असतो आणि 'हे म्हणतात ते खरे का' हा शेवटचा. सोवेटोपुरते 'मागे कोण' याचे उत्तर देता येते, आणि इतिहासप्रेमींना ते विशेष आवडेल. ओन्कगोपोत्से तिरो या विद्यार्थी नेत्याने १९७२ मध्ये टर्फलूप विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बांटू शिक्षणावर टीकेची झोड उठवली. त्याला काढून टाकण्यात आले. मग तो माशिनिनीच्याच शाळेत शिक्षक झाला, आणि विषय कोणता तर इतिहास. सरकारने तिथूनही त्याला घालवले. १९७४ मध्ये बोट्स्वानात एका पार्सल बाँबने त्याचा जीव घेतला. एखाद्या शिक्षकाने मुलांना इतिहास नीट शिकवला, यालाच कोणी चिथावणी म्हणत असेल तर म्हणो.

भाषा हे एकमेव कारण नव्हते, याचा निर्णायक पुरावा तारखांतच आहे. ६ जुलै १९७६ रोजी सरकारने आफ्रिकान्सची सक्ती मागे घेतली. लढा भाषेसाठी असता तर तो तिथे संपला असता. तो पुढे वर्षभराहून अधिक चालला. आता मागणी होती ती बांटू शिक्षणच रद्द करण्याची. मुलांनी प्रशासन मंडळाच्या दारूच्या गुत्त्यांना लक्ष्य केले, कारण मंडळाच्या तिजोरीत त्याच दारूचा पैसा जात होता. दारू कमी करा, शिक्षण सुधारा, अशा घोषणा झाल्या. एखादा अर्थतज्ज्ञ दोन प्रकरणे खर्ची घालील ते त्यांनी दोन ओळींत मांडले होते. फेब्रुवारी १९७७ अखेरपर्यंत देशभरातील मृतांची सरकारच्याच सिली आयोगाची मोजणी ५७५ आहे.

या सगळ्यात एक माणूस असा होता ज्याने मुलांना आधीच विचारले होते. मेल्व्हिल एडेलस्टाइन हे गोरे समाजशास्त्रज्ञ सोवेटोत समाजकल्याणाचे काम करत. त्यांनी तेथील मॅट्रिकच्या विद्यार्थ्यांची मते पद्धतशीर नोंदवून १९७२ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. मुले काय विचार करतात, हेच त्याचे शीर्षक आणि विषय. आफ्रिकान्स भाषक गोऱ्यांविषयी त्यांच्या मनात किती अंतर आहे, ते त्यात स्पष्ट दिसत होते. म्हणजे चार वर्षे आधी सगळे छापील स्वरूपात उपलब्ध होते, आणि कोणत्याही मंत्र्याने त्यावरून धोरणाचे एक अक्षर बदलले नाही. १६ जूनला संतापलेल्या जमावाने सोवेटोत एडेलस्टाइन यांनाच ठार केले. मोर्चाची कहाणी सांगताना हा मृत्यू गाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

आता आपल्या अंगणात. २०२५ मध्ये पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून महाराष्ट्र ढवळून निघाला आणि २९ जूनला सरकारने ते शासन निर्णय रद्द केले. मी स्वतः त्या सक्तीच्या विरोधात होतो. पण त्या काळातील लेख, चर्चा, मुलाखती आठवून पाहा. साहित्यिक बोलले, पुढारी बोलले, भाषातज्ज्ञ बोलले. आठवी-नववीत शिकणाऱ्या, पहिलीपासून भाषांचे ओझे नुकतेच वाहून आलेल्या एखाद्या विद्यार्थ्याचे म्हणणे तुम्ही कुठे सविस्तर वाचलेत? वाचले असल्यास उत्तरात जरूर जोडा. आणि सोवेटोचे छायाचित्र लावणाऱ्यांना माझा एवढाच प्रश्न आहे: ती मुले जिवंत असती आणि तुमच्या वर्गात बसून 'सर, हे माध्यम आम्हाला कुठवर नेणार?' असे विचारती, तर तुम्ही उत्तर दिले असते की गप्प बसवले असते?

मृत मुलांवर प्रेम करणे सोपे असते, ती उलट बोलत नाहीत. माशिनिनी उलट बोलत होता, म्हणून छायाचित्रांच्या गर्दीत तो सापडत नाही. पोलीस मागावर असताना तो १९७६ च्या ऑगस्टमध्ये देश सोडून गेला आणि पुन्हा कधी जिवंत परतला नाही. १९९० मध्ये, नेल्सन मंडेलांची सुटका झाली त्याच वर्षी, गिनी देशात त्याचा मृत्यू झाला. कारण आजही वादग्रस्त आहे. त्याला सोवेटोच्या अ‍ॅव्हलॉन दफनभूमीत पुरले आहे. हेक्टरही तिथेच आहे.