पांढऱ्या बोटांची फिर्याद

मार्गशीर्ष-पौषात पारनेर, श्रीगोंदे, राहुरी या तालुक्यांत उन्हाळ कांद्याची लागण ऐन भरात असते, आणि रात्रीच्या पाळीच्या विजेवर ज्या वाफ्यांत पाणी सोडले गेले, त्यांच्याच गारठलेल्या चिखलात, दिवस पुरता वर येण्यापूर्वी, मजूर स्त्रिया बोटांनी एकेक रोप दाबू लागतात. त्यांतील काहींची बोटे पाहता पाहता खडूसारखी पांढरी पडतात, मग निळसर होऊन बधिर होतात, आणि ऊब लागली की लाल होऊन ठणकू लागतात. मोरिस रेनो या फ्रेंच वैद्याने १८६२ साली पॅरिसमधील आपल्या प्रबंधात वर्णिलेला विकार तो हाच; आमच्याकडे मात्र थंडीच्या माथी मारून त्याची वासलात लावली जाते.

थंडीत त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित व्हाव्यात आणि देहाच्या अंतर्भागातील उष्णता राखली जावी, ही निसर्गाची योजना हितकारकच होय. परंतु या रुग्णांच्या बोटांत ते आकुंचन मर्यादा ओलांडते आणि रक्ताचा ओघ काही काळ जवळजवळ खुंटतो. पुष्कळशा तरुण स्त्रियांत त्यापासून कायमची हानी होत नाही, हे खरे. तथापि तिशी उलटल्यावर प्रथमच असे होऊ लागले, एकाच हाताला होऊ लागले, अथवा बोटांच्या शेंड्यांवर न भरणाऱ्या जखमा दिसू लागल्या, तर त्यामागे त्वचा ताठर करणारा स्क्लेरोडर्मा किंवा ल्युपस यांसारखा व्याधी दडलेला असण्याचा संभव असतो, आणि तेथे दिरंगाई महागात पडते.

ही दिरंगाई घडते, कारण बाई रोजगार बुडवून प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचेतो ऊन चढलेले असते, बोटे पूर्ववत झालेली असतात, आणि दफ्तरी काहीच दाखल होत नाही. म्हणून आशा सेविकेने हिवाळ्यात ‘बोटांचा रंग बदलतो का’ एवढे विचारावे, आणि त्या घटकेचे छायाचित्र कोणाच्या तरी मोबाइलवर काढून ठेवण्यास सांगावे. निदानाला तो पुरावा फार उपयोगी पडतो. त्याच ओघात मिश्रीचीही चौकशी व्हावी, कारण तंबाखूतील निकोटिन याच रक्तवाहिन्या आवळते. प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्यांनी त्रास बळावू शकतो, हे डॉक्टरांनीही ध्यानी ठेवावे. बधिर बोटे शेकोटीवर धरू नयेत, भाजल्याचे कळत नाही. कोमट पाणी बरे.

हे सारे केले तरी कामाची वेळ राहतेच. हातमोजे घाला म्हणणे सोपे आहे. सल्ला देणाऱ्याने ते घालून ओल्या चिखलात कांद्याचे रोप एकदा चिमटीत धरून पाहावे. उशिरा सुरुवात करा म्हणावे, तर काम उक्ते, एकरावर ठरलेले, त्यामुळे लवकर आटोपण्याची घाई टोळीलाच. वाफे गारठतात ते रात्रीच्या विजेवर सोडलेल्या पाण्याने; म्हणून शेतीला दिवसा वीज देण्यासाठी आखलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा आरंभीचा प्रयोग याच पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीला, २०१७ साली हाती घेतला गेला, हे येथे मुद्दाम स्मरावे. महावितरणच्या कचेरीने लागणीच्या दोन महिन्यांत तरी कांद्याच्या पट्ट्यातील फीडरांना दिवसाची पाळी आधी द्यावी, आणि बागायतदारांनी उक्ते ठरवतानाच ऊन पडल्यावर वाफ्यात उतरण्याची अट घालून तिचा भुर्दंड स्वतः सोसावा.